लपलेल्या फोल्डरमधली सदतीस नावं

प्रिय ढापणे,

‘प्रिय’ लिहिताना पेन इतकं दाबलं गेलंय की अक्षरं पानाच्या पाठीमागे उठून आली आहेत. उलटून बघ. मी तुझ्यावर चिडले आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या वह्या तुझ्या पिशवीत राहिल्या आणि तू खुशाल मामाकडे निघून गेलीस, तेव्हा चिडले होते, त्याच्या दसपट. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझा आवाज चढला की तू आपल्या कॉलेजातल्या बाईंच्या आवाजात ‘मागचा बाक, शांतता!’ म्हणतेस, मी हसते, आणि सांगायचं ते तसंच राहून जातं. या वेळी मला हसायचं नाही. तू हे सगळं वाच, एका बैठकीत वाच, आणि मध्येच मला ‘बरं बरं, कळलं’ असा मेसेज पाठवू नकोस.

गेल्या गुरुवारपर्यंत, जवळजवळ तीन आठवडे, आमच्या घरात कुणी तुझं नाव घेत नव्हतं. अगदीच वेळ आली तर ‘ती’ म्हणायचे. आईसुद्धा. तुला ठाऊक आहे, आईला तुझं किती कौतुक होतं. मी घरी असताना तू आली नाहीस तर ती मलाच विचारायची, ‘भांडलात का गं?’ आत्या तर स्वयंपाकघरात मोठ्या आवाजात म्हणाली, ‘त्या चष्मेवालीला काय? बाप साहेब, भाऊ साहेब. तिचा पाय कुणाच्या पोटावर पडला तरी तिला खालचं दिसतंय कुठं!’ मी शेजारीच भांडी पुसत उभी होते. बाबा तुझ्याबद्दल वाईट बोलले नाहीत, निदान सुरुवातीला नाही. पण दुकानात तू बसायचीस ते स्टूल त्यांनी उचलून माळ्यावर टाकलं. मला शिव्या ऐकून जेवढं लागलं नाही तेवढं ते स्टूल वर जाताना बघून लागलं.

आमचं दुकान तू पाहिलंयस, पण तुला ते नीट कळलंय की नाही याची मला आता शंका आहे. मलाही कळलं नव्हतं, म्हणून विचारते. बाबा आधी ब्रशने पाट्या रंगवायचे. मग ती कटिंग मशीन आली आणि हाताने रंगवलेल्या पाट्या कुणी मागेना, तेव्हा चाळीस वर्षांच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने कॉम्प्युटरसमोर बसून पहिल्यापासून सुरुवात केली. स्टिकरचा रोल मशीनमध्ये लावायचा, बारीकसं पातं अक्षराच्या कडेने फिरतं, आणि वरचा थर कापला गेला पाहिजे पण मागचा कागद कापला जाता कामा नये. दोन्हींमध्ये केसाएवढं अंतर. दाब थोडा कमी पडला तर अक्षर सुटत नाही, थोडा जास्त झाला तर सगळंच फाटतं. आणि प्रत्येक रोलची तऱ्हा वेगळी. काचेवर लावायचा वेगळा, गाडीवरचा वेगळा, आणि अंधारात दिवा पडला की चमकतो तो रेडियमचा तर सगळ्यात हट्टी. उन्हाळ्यात रोल मऊ पडतो, थंडीत कडक होतो. तोच रोल, पण दाब वेगळा.

अकरा वर्षं बाबा हे दाब शोधत होते. मोजून सदतीस. प्रत्येक सापडला की तो प्रोग्रॅममध्ये साठवायचे आणि त्याला नाव द्यायचे. ‘काच-उन्हाळा’, ‘काच-थंडी’, ‘गाडी लाल’. एका रोलला ‘आगाऊ’ म्हणायचे, कारण पातं टेकायच्या आधीच तो उचकायचा. जरा बोट लागलं की फाटणाऱ्या रोलचं नाव ‘आत्या’ होतं. हे आत्याला अजून माहीत नाही आणि तू सांगायचं नाहीस. रेडियमसाठी होती ‘गोगलगाय’. सगळ्यात हळू चालणारी, सगळ्यात जास्त दिवस घेतलेली. तिच्यासाठी त्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला होता. आकडे त्यांनी कधी कागदावर लिहिले नाहीत. म्हणायचे, ‘आकडे मशीनला पाठ आहेत, मला नावं पाठ आहेत. आमचं जमतं.’

आणि त्यात मी शहाणी घुसले. दुकानातल्या कॉम्प्युटरवरची ऑपरेटिंग सिस्टीम चोरीची होती, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळलं. तेव्हापासून मला ती डोळ्यांत खुपायची. पडद्याच्या कोपऱ्यात ती सूचना यायची, की ही प्रत अस्सल नाही, आणि मला वाटायचं, सगळ्या गिऱ्हाइकांना ती दिसते. आपण दोघी कॅन्टीनमध्ये तासतास बोलायचो ना, की ज्ञान कुणाच्या मालकीचं नसावं, प्रोग्रॅम सगळ्यांनी वाचावेत, सुधारावेत, वाटावेत. मी ते मनापासून बोलायचे. अजूनही बोलते. आणि बोलून घरी आल्यावर बाबांना चोरीच्या सिस्टीमवर काम करताना बघायचे. बाबा म्हणायचे, ‘चालतंय ना? मग त्याला हात कशाला लावतेस?’ मी म्हणायचे, चालतंय म्हणून बरोबर होत नाही. वर्षभर मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी ते ‘कर बाई, तू शिकलेली आहेस’ म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेव. आमच्या घरात पदवी मिळाल्यापासून मला सगळे हेच म्हणतात. मी चुकीच्या बाजूने भाजी चिरली तरी आई म्हणते, असेल काही कारण, शिकलेली आहे.

त्या सुट्टीच्या दुपारी तू जुनी सिस्टीम पुसून नवी, सगळ्यांना फुकट वापरता येणारी, टाकून द्यायला आलीस. मी सकाळपासून तयारी केली होती. सगळी डिझाईनं, सगळे फॉन्ट, जुने फोटो, गिऱ्हाइकांची पत्रं, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं. वर यादी केली होती आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. तू स्टुलावर बसलीस, चष्मा पुसलास, आणि सुरू करायच्या आधी मला विचारलंस, ‘लपलेली फोल्डर्स दिसती करून घेतलीस ना गं? प्रोग्रॅमची सेटिंग्ज तिथं असतात.’ मी म्हणाले, ‘घेतलं गं सगळं, तू कर सुरू.’

मी घेतलं नव्हतं. तू काय विचारतेयस तेच मला कळलं नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये लपलेली फोल्डर्स असतात हे मला माहीतच नव्हतं. तुझ्या घरात तू बोलायला लागायच्या आधीपासून कॉम्प्युटर आहे. मी पहिल्यांदा माऊसला हात लावला तो कॉलेजात, आणि पहिले दोन महिने तुझ्या शेजारी बसून तू काय करतेस ते चोरून बघत होते. पदवी दोघींना एकच मिळाली. मग ती मिळून दोन वर्षं झाल्यावरसुद्धा, माझ्याच बाबांच्या दुकानात, बाबा चहा आणायला गेलेले आणि कुठल्याही क्षणी मागे येऊन उभे राहतील अशा वेळी, ‘म्हणजे काय गं?’ असं मला तुझ्यासमोर विचारायचं नव्हतं. एवढंच होतं. तीन शब्द विचारायची लाज. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, आणि विश्वास ठेवून डिस्क कोरी केलीस.

नवी सिस्टीम झकास सुरू झाली. मी बाबांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं, बघा किती झटपट चालते, बघा ती सूचना गेली. कटिंगचा प्रोग्रॅमही तोच होता, फक्त नव्या सिस्टीमसाठी बनवलेला. मशीनने त्याला ओळखलंसुद्धा. बाबा खुर्चीवर बसले, रोलची यादी उघडली. यादीत एकच ओळ होती, कारखान्यातून आलेली. त्यांनी ती यादी बंद केली, पुन्हा उघडली. मग खाली ओढायला लागले, जणू नावं खाली कुठंतरी घसरली असतील. आणि मागे वळून अगदी हळू विचारलं, ‘गोगलगाय कुठं गेली?’

तो आवाज माझ्या कानातून जात नाही. मला त्या क्षणी कळलं. तुलाही कळलं. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे, आणि मी तोंड उघडायच्या आत तू उठून म्हणालीस, ‘काका, चूक माझी झाली. मी विचारायला हवं होतं, विचारलंच नाही.’ इतक्या सहज. जणू स्टुलावरून उठताना पाण्याचा पेला लवंडला. मग दोन तास तू ती डिस्क उलटीपालटी करत बसलीस, काही परत मिळतं का बघत होतीस, पण वरून नवं सगळं लिहिलं गेलं होतं. तू गेल्यावर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘तू वाईट वाटून घेऊ नकोस. माणसाची पारख चुकते कधी कधी.’ आणि मी गप्प बसले, ढापणे. मी तो हात डोक्यावर तसाच राहू दिला.

राग आधी मी भलत्यांवर काढला. ज्या कुणी ठरवलं असेल की माणसाने अकरा वर्षं जमवलेलं त्यालाच दिसणार नाही अशा जागी ठेवायचं, त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. फोटोंना दिसणारं फोल्डर, गाण्यांना दिसणारं फोल्डर, आणि हाताने कमावलेल्या अकलेला लपलेलं. मग स्वतःवर चिडले. माझ्या यादीत बाबांनी काढलेली प्रत्येक पाटी होती, पण ती कापायची कशी हे बाबांना जे कळलं होतं, ते त्या यादीत कुठंच नव्हतं. कारण ते मला कधी शिक्षण वाटलंच नाही.

पण सगळ्यात जास्त राग तुझा आला, आणि तो तुझ्या मेसेजचा. तू घरी पोचल्यावर लिहिलंस, ‘तू काही बोलू नकोस. माझ्यावर ढकल. त्यांना मी कोण? पण त्यांचा सगळा भरवसा तुझ्यावर आहे, तो जायला नको.’ मी तो मेसेज शंभरदा वाचला. पहिल्या दिवशी रडले, केवढी ही मैत्रीण म्हणून. चौथ्या दिवशी मला तो टोचायला लागला. तू ठरवलंस काय, सांग. की आमचं घर इतकं कच्चं आहे की त्यातली एकुलती एक शिकलेली मुलगी एकदा चुकली तर ते कोसळेल? तुझ्या घरात चुकायची मुभा आहे. तुझ्या भावाने अख्खं वर्ष वाया घालवलं, तर तुझे बाबा चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, संपलं. आणि आम्हाला तेवढंही झेपणार नाही, असं तुला वाटलं. ही दया आहे गं. तू मला मैत्रीण म्हणून वाचवलं नाहीस, बिचारी म्हणून वाचवलंस. आणि मी बिचारी होऊन वाचले, त्याचाही राग तुझ्यावरच काढतेय, कारण दुसरीकडे कुठं काढू?

दरम्यान दवाखान्याचं काम अंगावर येऊन पडलं होतं. जिन्यातले बाण, दारांवरचे नंबर, बाहेर पडायच्या वाटेच्या खुणा, सगळं रेडियमचं, कारण दिवे गेले तरी माणसाला वाट दिसली पाहिजे. गोगलगायीशिवाय ते होईना. बाबा रोज सकाळी रेडियमच्या रोलमधून कापून बघायचे, दाब एकेक घर वाढवत. बाणाचं टोक फाटायचं नाही तर सुटायचंच नाही. दुपारपर्यंत त्यांच्या पायाशी चमकणाऱ्या तुकड्यांचा ढीग व्हायचा. मी झाडू मारायचे. त्यांची मान खाली आणि माझीही.

गेल्या गुरुवारी दवाखान्यातला कारकून बघायला आला. म्हणाला, ‘काय हो, बाण अजून निघतायत होय? आमचे पेशंट बरे होऊन घरी चालले!’ बाबा कसंनुसं हसले आणि म्हणाले, ‘काय सांगू साहेब, एक शिकलेली पोरगी आली होती मदतीला. माझ्या मशीनचं डोकं धुऊन पुसून ठेवलं तिनं.’ कारकून हसला. ‘हल्लीच्या पोरी! हातात डिग्री, डोक्यात हवा.’ आणि मी हसले. ऐकतेयस? गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं या सवयीने, तुझ्यावर, मी हसले. ते हसू माझ्या तोंडावर असतानाच मला स्वतःची अशी किळस आली की मी झाडू खाली टाकला आणि त्या कारकुनासमोरच म्हणाले, ‘बाबा, तिनं मला विचारलं होतं. घेतलंस का म्हणून. मी हो म्हणाले. मी घेतलं नव्हतं.’

बाबांनी मशीन बंद केली. कारकून ‘येतो मी, येतो’ करत उलट्या पावली गेला. बाबांनी मला तीनच प्रश्न विचारले. ‘तिनं विचारलं होतं?’ हो. ‘तू हो म्हणालीस?’ हो. ‘माहीत नसताना?’ मी मान हलवली. आणि मग, ढापणे, पदवी मिळाल्यापासून पहिल्यांदा बाबा माझ्यावर ओरडले. असे ओरडले की शेजारचा चावीवाला दारात येऊन उभा राहिला. ‘अगं, मी सातवी शिकलेला माणूस! रोल ओळखीचा असला तरी आधी कोपऱ्यात एक चौकोन कापून बघतो, मग पातं टेकवतो! तुला एक चौकोन कापून बघता आला नाही? एवढी पुस्तकं वाचलीस, त्यात हे नव्हतं?’ मग म्हणाले, ‘आणि त्या पोरीला मी जे जे बोललो ते आता कुठं नेऊन टाकू?’ आई धावत आली, म्हणाली, ‘अहो, हळू, शिकलेली आहे ती!’ तर आईवर ओरडले, ‘म्हणूनच तर!’

मला बरं वाटलं. तुला हे कळेल की नाही ठाऊक नाही, पण दोन वर्षांनी कुणीतरी मला माळ्यावरून खाली उतरवल्यासारखं वाटलं. आता रोज दुकान उघडल्यापासून मी चिमटा घेऊन बसते आणि चाचणीसाठी कापलेल्या बाणांभोवतीचा फालतू भाग उपसते. मशीनला हात लावायची परवानगी नाही. सदतीसपैकी अकरा नावं परत आली आहेत. ‘आत्या’ आली, ‘आगाऊ’ आला. गोगलगाय अजून नाही. काल बरीच जवळ आली होती, पण टोकाशी घात केला. दवाखान्याने आठ दिवस वाढवून दिलेत. ते काम हातात राहील की जाईल हे मला माहीत नाही, बाबांनाही नाही. आणि माझ्यावरचा भरवसा? थोडा गेला. गेल्याचं दिसतं. मी काही सांगितलं की बाबा आता विचारतात, ‘बघितलंस का स्वतः?’ घर कोसळलं नाही.

पण बाबांनी मला आणखी एक विचारलं, जे खरं तर तुलाच विचारायला हवं. रात्रीचं जेवण झाल्यावर, ओरडणं संपल्यावर. ‘तू का गप्प बसलीस ते कळलं. ती का खोटं बोलली? तिला काय वाटलं, आम्ही तुला खायला उठलो असतो?’ त्यांना लागलंय ते. नावं गेल्याहूनही जास्त, असं मला वाटतं.

म्हणून हे पत्र. ते मी आज स्वतः येऊन तुझ्या हातात देणार आणि एक शब्द न बोलता परत फिरणार आहे. येत्या रविवारी सकाळी बाबा तुमच्याकडे येणार आहेत. इस्त्रीचा शर्ट घालून, तुझ्या आईबाबांसमोर, ‘तुमच्या मुलीला मी नको ते बोललो’ हे सांगायला. दोन दिवस बाण कापता कापता ते वाक्य जुळवतायत, मला ऐकू येतं. आत्यापण येणार म्हणतेय, तिला आवरणं माझ्या हातात नाही. मी तुला ओळखते. माझे बाबा तुमच्या बैठकीत अवघडून उभे राहिले की तू खुर्ची पुढे सरकवशील आणि पुन्हा चटकन म्हणशील, ‘छे हो काका, चूक माझीच होती.’ तसं म्हणालीस तर मी खोटी पडेन, आणि एवढ्या लांब चालत आलेल्या माझ्या बाबांना तू दुसऱ्यांदा दया दाखवशील. ती मी तुला माफ करणार नाही. त्यांना सांगू दे. पूर्ण सांगू दे, मध्ये बोलू नकोस. आणि त्यांचं झालं की चष्मा पुसायला घेऊ नकोस, सरळ त्यांच्याकडे बघून एवढंच म्हण: ‘हो काका. मी तिला विचारलं होतं.’

तुझीच,
अजून चिडलेली,
मागच्या बाकावरची